अरण्यांतील पान आणि प्रकाश

एकाच झाडाचीं सर्व पानें सारखीं असतात, असें आपण सहसा समजतों. उष्ण कटिबंधांतील सदाहरित अरण्यांत ही समजूत टिकत नाहीं. तेथें उंच वृक्षाच्या शेंड्याचें पान आणि त्याच जातीच्या लहान रोपाचें पान यांत पुष्कळ अंतर असतें. हें अंतर कां पडतें व त्यापासून मनुष्यानें काय शिकावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणासाठीं बोर्निओ बेटावरील सबा हें मलेशियाचें राज्य घेऊं. तेथील दानुम खोऱ्यांतील मेरांती जातीचा एक वृक्ष २०१९ सालीं मोजला असतां १०० मीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे सुमारें ३३० फूट, उंच भरला. आपल्या देशांतील सालवृक्ष याच कुळांतला होय. अशा रानांत शेंड्यावर कडक ऊन असतें. जमिनीपर्यंत मात्र त्या उजेडाच्या शंभर भागांपैकीं एक-दोन भागच पोंचतात. अर्थात् वृक्षाला आपल्या आयुष्यांत अंधारांतून उन्हाकडे मोठा प्रवास करावा लागतो.

पान सूर्यप्रकाशाच्या बळावर हवा व पाणी यांपासून अन्न तयार करतें. परंतु स्वतः जगण्यासाठीं त्यांतील कांहीं अन्न खर्चही करतें. या जमाखर्चावर पानाची घडण अवलंबून असते. उन्हांतील पान लहान व जाड असतें. त्यांत खांबांसारख्या उभ्या पेशींचे दोन-तीन थर असतात, वरची त्वचा चिवट असते आणि हवा आंत घेणारीं छिद्रें दाट असतात. त्याची मिळकत मोठी, तसा खर्चही मोठा. सावलींतील पान रुंद व पातळ असतें. उभ्या पेशींचा बहुधा एकच थर असतो. वजनाच्या मानानें त्यांत हरितद्रव्य अधिक असतें, आणि खर्च इतका बेताचा असतो कीं, अंधुक उजेडांतही थोडी शिल्लक उरते.

सावलींतील पानास आणखी एक आधार असतो. वरच्या फांद्यांमधून उन्हाचे कवडसे क्षणभर खालीं उतरतात. दिवसभरांत रोपाला मिळणाऱ्या उजेडाचा मोठा हिस्सा पुष्कळदां या कवडशांचाच असतो. एक कवडसा येऊन गेल्यावर पान कांहीं वेळ सज्ज राहतें, म्हणून दुसरा आला म्हणजे त्याचा उपयोग तें अधिक चांगला करून घेतें. अशा काटकसरीवर मेरांतीच्या कुळांतील कित्येक रोपें फारशीं न वाढतां वर्षानुवर्षें जगतात. एखादा जुना वृक्ष कोसळून वर आकाश दिसूं लागलें, म्हणजे त्यांच्या वाढीची वेळ येते.

परंतु तीच वेळ धोक्याचीही असते. पानास थोड्या फरकाशीं जुळवून घेतां येतें: त्याच्या पेशींतील हरितकण कडक उन्हांत बाजूच्या भिंतींकडे सरकतात, व जादा प्रकाशाचा कांहीं भाग उष्णता होऊन बाहेर टाकला जातो. मात्र पूर्ण वाढलेल्या पानाची मूळ घडण सहसा बदलत नाहीं. ऊन एकाएकीं वाढलें तर सावलींतील पान फिकें पडतें, करपतें व कधीं गळूनही जातें. रोप तरतें तें नव्या पानांच्या जोरावर. नवीं पानें उन्हांतच घडतात, म्हणून उन्हास योग्य होतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येते. रान सरसकट तोडलें, तर केवळ लाकूडच जातें असें नव्हे, तर पुढच्या पिढीची सावलीही जाते. अशा उघड्या जागीं सावलींत वाढलेलीं रोपें नुसतीं आणून लावल्यानें अरण्य परत येत नाहीं. रोपवाटिकेंत त्यांस हळूहळू उन्हाची संवय करावी लागते, आणि कित्येक जातींस आरंभीं इतर झाडांचा आडोसाही द्यावा लागतो.

विद्यार्थ्यांनीं घराजवळच्या आंब्याचें शेंड्याकडील उन्हांतलें एक व आंतील दाट सावलींतलें एक, अशीं दोन जून पानें वडील मनुष्याच्या मदतीनें मिळवावीं. त्यांची रुंदी मोजावी, जाडी बोटांनीं पाहावी व दोन्ही उजेडासमोर धरावीं. तसेंच घरांत वाढलेली कुंडी अंगणांत न्यावयाची झाल्यास ती एकदम दुपारच्या उन्हांत ठेवूं नये. प्रथम कांहीं दिवस सकाळचें कोंवळें ऊन द्यावें.