टिकाऊ जोडणीची कालमर्यादा

टिकाऊ जोडणीची कालमर्यादा म्हणजे एक विनंती पूर्ण झाल्यावर क्लायंट (ब्राउझर, मोबाइल ॲप इत्यादी) आणि सर्व्हर यांच्यातील जोडणी पुढील विनंतीसाठी किती वेळ उघडी ठेवायची, याची मर्यादा होय. जोडणी जुळण्याची किंवा उत्तर येण्याची कालमर्यादा याहून निराळी आहे. या तिन्हींची गल्लत नेहमी होते.

एचटीटीपी १.० मध्ये सामान्यतः प्रत्येक विनंतीसाठी नवी टीसीपी जोडणी करावी लागे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ ने जोडणी टिकवणे हाच मूळ प्रघात ठरवला. त्यामुळे वेळ वाचतो. मात्र रिकामी जोडणीही सर्व्हरची स्मृती अडवते. म्हणून सर्व्हर ती ठरावीक काळाने बंद करतो. मूळ मांडणीत अपाचे सर्व्हरची ही मर्यादा ५ सेकंद, तर एनजिनएक्सची ७५ सेकंद असते.

शिळी जोडणी

धुळ्यातील एखादा विद्यार्थी मोबाइल ॲपवरून जळगावच्या एखाद्या संस्थेचे परीक्षा शुल्क भरत आहे, असे समजू. अर्जाचे एक पान भरून तो जुनी गुणपत्रिका शोधू लागतो. तेवढ्यात सर्व्हर जोडणी बंद करतो; पण तो निरोप पोहोचण्यापूर्वीच विद्यार्थी ‘शुल्क भरा’ हे बटण दाबतो. विनंती बंद झालेल्या जोडणीवर जाते आणि त्रुटी येते. कधी मधले राउटर रिकाम्या जोडणीची नोंद कोणालाही न कळवता पुसून टाकतात. मग ॲप उत्तराची वाट पाहत राहते.

खरा धोका त्यापुढे आहे. सर्व्हरने विनंती स्वीकारलीच नाही, की शुल्क जमा झाले आणि केवळ उत्तर हरवले, हे क्लायंटला कळत नाही. केवळ माहिती वाचणारी विनंती पुन्हा पाठवण्यास हरकत नसते. शुल्काची विनंती आपोआप पुन्हा पाठवल्यास पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली विनंती सर्व्हरला ओळखता येते.

उपाय

क्लायंटने आपली मर्यादा सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे जोडणी सोडण्याचा निर्णय बहुधा क्लायंटच घेतो. सर्व्हर उत्तरासोबत ‘कीप-अलाइव्ह’ शीर्षात मर्यादा कळवत असेल, तर ती वाचावी. वापरण्यापूर्वी जोडणी तपासल्याने चुका कमी होतात, पण संपत नाहीत. तपासणी आणि विनंती यांमधील क्षणातही ती तुटू शकते. मर्यादा फारच कमी केली, तर जोडणी टिकवण्याचा लाभच उरत नाही.

टीसीपीतील ‘कीप-अलाइव्ह’ ही नामसाधर्म्यामुळे घोटाळा करणारी वेगळी सोय आहे. तिचा मूळ अवधी बहुतेक प्रणालींत दोन तासांचा असल्याने वरील अडचणीत ती सहसा कामी येत नाही.