तिरंगी चेंडू आणि वाळीत टाकलेली माणसे

मी शाळेत असताना स्नेहसंमेलनाच्या वर्गणीत ११ रुपये कमी भरले आणि संशय माझ्यावर आला. आठ दिवसांनी ते पैसे हिशेबवहीच्या पुठ्ठ्यात सापडले. पण बास्केटबॉलच्या संघातून खोडलेले माझे नाव त्या वर्षी काही पुन्हा चढले नाही. माझी गोष्ट एवढीशीच. परंतु कॉनी हॉकिन्सची हकिगत प्रथम वाचली तेव्हा मला तो पुठ्ठा आठवला, आणि अमेरिकेतल्या एका बुडालेल्या लीगच्या पहिल्या बादफेरीचे मला वेड लागले.

ही लीग म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन. १९६७ साली ११ संघ जमवून काही हौशी पैसेवाल्यांनी ती थाटली. बड्या एनबीएशी टक्कर द्यायची, पण जवळ ना नाव, ना नामांकित खेळाडू! आयुक्त नेमला जॉर्ज मायकन. हा एके काळचा धिप्पाड, चष्मेवाला खेळाडू. त्याने चेंडूच तांबडा, पांढरा, निळा करून टाकला. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची रीतही या लीगने उचलली. जाणकार हसले. तीच रीत एनबीएने १९७९ साली मुकाट्याने उचलली, आणि आज आपल्याकडच्या मैदानांवरही ती रेघ आखलेली असते!

खेळाडू कोठून आणायचे? तर एनबीएने ज्यांना दार लावले होते, तेथून. १९६१ साली कॉलेजच्या सामन्यांतली जुगाराची मोठी भानगड उघडकीस आली. हॉकिन्स तेव्हा आयोवा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगीच नसे. मग तो सामना विकणार कसा? त्याने जॅक मोलिनास नावाच्या माणसाकडून २०० डॉलर उसने घेतले होते. भावाने ते फेडलेही. हा मोलिनास जुगारी टोळीचा म्होरक्या निघाला. हॉकिन्सवर कधी खटला झाला नाही, पण विद्यापीठाने त्याला घालवले आणि एनबीएने वाळीत टाकले. चार वर्षे तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर गावोगाव करमणुकीचे खेळ करीत हिंडला. याच भानगडीत रॉजर ब्राउन कारखान्यात रात्रपाळी करू लागला आणि डग मो इटलीत जाऊन खेळला. टोनी जॅक्सनचाही रस्ता असाच बंद झाला.

हे चौघेही १९६७ साली तिरंगी चेंडूमागे धावू लागले. हॉकिन्स पिट्सबर्गकडून, ब्राउन इंडियानाकडून, मो न्यू ऑर्लिन्सकडून, जॅक्सन न्यू जर्सीकडून.

१९६८ च्या मार्चमध्ये बादफेरीची वेळ आली आणि सुरुवातच फजितीने झाली. पूर्व विभागात चौथ्या जागेसाठी न्यू जर्सी आणि केंटकी यांची बरोबरी. दोघांचे ३६ विजय, ४२ पराभव. निकाल लावायला एक सामना ठरला, तर न्यू जर्सीच्या सभागृहात सर्कस उतरलेली! सामना घाईघाईने लाँग आयलंडवरच्या कॉमॅक गावी नेला. तेथे आदल्या रात्री बर्फावरची हॉकी झाली होती. वर टाकलेल्या लाकडी जमिनीला ओल सुटलेली, फळ्या जागोजाग गायब. केंटकीवाले म्हणाले, पाय मोडून घ्यायला आम्ही आलो नाही. मायकनने न खेळताच केंटकीला विजयी ठरवले आणि बिचारा जॅक्सन एकही सामना न खेळता घरी बसला. गंमत अशी, की पुढल्या हंगामात न्यू जर्सीने त्याच कॉमॅकला बिऱ्हाड केले! आजचा ब्रुकलिन नेट्स तो हाच संघ.

पिट्सबर्गने इंडियानाला तीन सामन्यांत गुंडाळले. म्हणजे हॉकिन्सच्या हातून ब्राउन गेला. मग मिनेसोटाही गेला. अंतिम फेरीत समोर न्यू ऑर्लिन्स, अर्थात डग मो! सातांपैकी चार जिंकेल तो विजेता. तीन सामन्यांनंतर न्यू ऑर्लिन्स २-१ ने पुढे होता. चौथ्यात हॉकिन्सने ४७ गुण केले आणि वाढीव वेळेत पिट्सबर्ग एका गुणाने वाचला, पण त्याचा गुडघा दुखावला. पाचव्यात तो बाहेर बसला, संघ हरला. सहाव्यात गुडघा करकचून बांधून उतरला नि ४१ गुण करून गेला. ४ मे १९६८ रोजी पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात ११ हजारांवर माणसे जमली. चार्ली विल्यम्सने ३५ गुण केले, पिट्सबर्ग १२२-११३ ने जिंकला.

विजेत्यांचे कौतुक किती टिकले म्हणता? संघ पुढल्याच हंगामात मिनेसोटाला हलवण्यात आला. प्रशिक्षक व्हिन्स कझेटाने बाड उचलायला नकार देऊन संघ सोडला.

हॉकिन्सने एनबीएवर दावा लावलेला होताच. १९६९ साली एनबीएने तडजोड केली, भरपाई दिली आणि त्याला फिनिक्स संघात घेतले. २६ वर्षांचा, दुखऱ्या गुडघ्याचा हॉकिन्स! १९७६ साली लीग बुडाली. चार संघ एनबीएत गेले. १९९२ साली हॉकिन्सचे नाव बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये लागले. रॉजर ब्राउनला तो मान २०१३ साली मिळाला. तो १९९७ सालीच वारला होता.