परदेशी शिकणारी मुले, त्यांचे आजारपण आणि आपण

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात अठरा वर्षांचे रुग्ण सहसा येत नाहीत. परंतु मे ते जुलै या काळात माझे असे अनेक 'जुने' रुग्ण पुन्हा दर्शन देतात. मुलाच्या हातात परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र असते आणि आईच्या पर्समध्ये घड्या पडलेले लसीकरणाचे कार्ड. त्या निमित्ताने बोलणे होते. तिकीट, वसतिगृह, छोटा कुकर, थालीपिठाची भाजणी, सर्व काही ठरलेले असते. "तिकडे आजारी पडलास तर कोणाकडे जाशील?" या प्रश्नाला मात्र बहुतेकांचे उत्तर एकच असते, "बाबांना फोन करीन." बाबा स्वतः डॉक्टर असतील तर हे उत्तर अधिकच निःशंकपणे दिले जाते. आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले आज बाहेर आहेत, म्हणून या उत्तराविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

आपल्या समाजातून वैद्यकी शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या आद्य विद्यार्थिनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. एप्रिल १८८३ मध्ये त्या पतीविना कलकत्त्याहून निघाल्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. औषध सापडायला अजून सहा दशके होती. फिलाडेल्फियाची थंडी आणि अपुरा आहार यांनी त्यांची प्रकृती खंगत गेली. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. वैद्यकीय महाविद्यालयातच राहूनही त्यांचा आजार आटोक्यात येऊ शकला नाही, याला त्या काळाच्या शास्त्राची मर्यादा कारण होती. तरीही त्या शिक्षण पुरे करू शकल्या, त्यात न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर कुटुंबाचा वाटा मोठा होता. श्रीमती कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. गोपाळरावांचे पत्र पोहोचायला कित्येक आठवडे लागत. हाकेच्या अंतरावर होती ती ही मावशी. आज फोन क्षणात लागतो, त्यामुळे आपणच तेथे आहोत असा पालकांना भास होतो आणि अशी मावशी शोधण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे.

प्रत्येक देशाची व्यवस्था निराळी आहे, आणि ती आपल्या इंदूरच्या सवयीशी मुळीच जुळत नाही. आपल्याकडे सकाळी पोट दुखले की संध्याकाळपर्यंत सोनोग्राफी होऊन तज्ज्ञाचे मतही हाती पडते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरतो (फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड), पण पैसे भरूनही राहत्या भागातील जी.पी.कडे नाव नोंदवत नाही. तातडीचा प्रसंग सोडला तर तज्ज्ञाकडे जाण्याची वाट सहसा या जी.पी.च्या दारातूनच जाते. नोंदणीला शुल्क नाही. पहिल्याच आठवड्यात अर्ज भरावा. तातडीचे नसेल तर १११, जीवावरचे असेल तर ९९९. जर्मनीत विद्यार्थ्याला आरोग्य विमा सक्तीचा आहे. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असल्यास ११६११७ आणि आणीबाणीत ११२. ऑस्ट्रेलियात व्हिसासाठीच विमा लागतो, मात्र आधीपासून असलेल्या आजारांना त्यात प्रतीक्षाकाळ असतो.

अमेरिकेचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. विमा असूनही वर्षातील पहिली काही रक्कम स्वतः भरावी लागते, आणि विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेल्यास बिल डोळे पांढरे करणारे येते. म्हणून विद्यापीठाच्या आवारातील आरोग्य केंद्र हेच पहिले ठिकाण समजावे. तेथे प्रवेश घेतानाच बहुधा एम.एम.आर.च्या दोन डोसांचा दाखला मागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. हे निघण्याच्या आदल्या दिवशी कळले तर उपयोग नाही, कारण दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात. बी.सी.जी. घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी पुष्कळदा उगाच सकारात्मक येते. अशा वेळी रक्तावरील इग्रा चाचणीची विनंती करावी.

औषधांबाबत व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. चिठ्ठीवर व्यापारी नाव न लिहिता मूळ औषधाचे नाव टंकलिखित करून द्यावे. अमेरिकेत पॅरासिटामॉल ॲसिटामिनोफेन या नावाने मिळते आणि दम्याचा सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतो; धाप लागलेल्या मुलाने दुकानात उभे राहून हा शोध लावू नये. इन्सुलिनची गोष्ट तर धोक्याचीच आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुतांशी मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारणपणे १०० युनिटचे. घरून नेलेली ४०ची सिरिंज तिकडच्या कुपीत घातली की डोस अडीचपट होतो. अशा मुलाला निघण्यापूर्वीच पेनवर आणावे. मेथिलफेनिडेटसारखी नियंत्रित औषधे नेताना डॉक्टरांचे पत्र बरोबर हवे आणि त्या देशाचे नियम आधी पाहावेत.

आता फोनवरच्या डॉक्टरकीविषयी. आमच्या स्नेह्यांतील एका डॉक्टर दांपत्याची कन्या इंग्लंडमध्ये शिकत होती. त्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहितो. नोव्हेंबरात तिचे पोट दुखू लागले. बाबांनी फोनवर आम्लपित्ताची गोळी सांगितली. मग डोके दुखू लागले, झोप येईना. त्यावरही बरोबर दिलेल्या पेटीतून उपाय निघाला. प्रत्येक सल्ला त्या त्या लक्षणापुरता योग्यच होता. ती तीन आठवडे वर्गात गेलेली नाही, दुपारी चारलाच अंधार पडणाऱ्या खोलीत दिवसदिवस पडून असते, हे मात्र फोनला दिसले नाही. दिसले ते शेजारच्या खोलीतील केरळच्या मुलीला. ती तिला हाताला धरून विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात घेऊन गेली. तेथून जी.पी., मग औषध आणि संवादोपचार असा क्रम झाला. एक सत्र मागे पडले, पण तिने पदवी घेतली.

बाबांना सर्वांत लागले ते वेगळेच. त्यांनी विद्यापीठाला फोन केला तेव्हा विद्यार्थिनीच्या संमतीविना काहीही सांगता येणार नाही, असे नम्र उत्तर मिळाले. "मी बाप आहे आणि डॉक्टरही आहे," हे तेथे चालत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती तेथे स्वतंत्र रुग्ण असते. माझ्या मते हा नियम योग्यच आहे, कारण घरी कळणार नाही या भरवशावरच अनेक मुले प्रथम तोंड उघडतात. पालकांना काही कळावे असे मुलाला वाटत असेल तर संमतिपत्र त्याने निरोगी असतानाच भरून ठेवावे.

आपण डॉक्टर मंडळी हे जाणतो की तीव्र मानसिक आजारांचा पहिला झटका बहुधा याच वयात, विशीच्या आगेमागे येतो. सतत निद्रानाश, फोन टाळणे, बोलण्यातील असंबद्धता किंवा अतिरेकी उत्साह यांना 'अभ्यासाचा ताण' हे नाव देऊन मोकळे होऊ नये. आधीपासून उपचार चालू असलेल्या मुलाने "नवे आयुष्य, नवी सुरुवात" म्हणून गोळ्या एकाएकी बंद करणे, हा अनुभव आमच्या मानसोपचारतज्ज्ञ मित्रांना नवा नाही. त्यांच्याकडून निदान, औषध आणि मात्रा लिहिलेले इंग्रजी पत्र घ्यावे व पोहोचल्यावर पुढचा डॉक्टर लगेच ठरवावा; जर्मनीत मानसोपचारासाठी काही महिने थांबावे लागणे नवलाचे नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा क्रमांक आहे, इंग्लंडमध्ये १११ लावून दोनचा पर्याय निवडावा. विद्यापीठांची समुपदेशन केंद्रे बहुधा विनामूल्य असतात, पण बैठकींची संख्या मर्यादित असू शकते. पुढे काय, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

इंदूरहून चिठ्ठी लिहून पाठवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. मार्च २०२० च्या आपल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्ल्याचा समावेश नाही, आणि तेथील औषधविक्रेताही सहसा ती चिठ्ठी मानत नाही.

मूल खरोखरच आजारी असेल तेव्हा "सोडून दे सगळे, उद्याचे विमान पकड" असे सांगण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी त्याला बोलू द्यावे. न कळवता वर्ग सोडल्यास व्हिसा अडचणीत येतो. अमेरिकेत आजारपणामुळे कमी विषय घेण्याची सवलत एका पदवीपातळीवर एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळते. मात्र कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि तीही परवानाधारक डॉक्टर किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर. ते पत्र देऊ शकेल असा, मुलाला आधीपासून ओळखणारा डॉक्टर त्या गावात असावा लागतो.