परिसराची सुरक्षितता आणि गुन्ह्यांचे प्रमाण : रॉचडेलमधील कर्कहोल्ट वसाहतीचा दाखला

एखादा नगरविभाग राहण्यास सुरक्षित आहे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. घर शोधणारा गृहस्थ तो विचारतो, विमा उतरविणारी संस्था विचारते, पोलिसांची नेमणूक करणारा अधिकारीही विचारतो. आणि या तिघांनाही उत्तरादाखल बहुधा एकच आकडा दाखविला जातो. दर हजार लोकवस्तीमागे वर्षाकाठी किती गुन्हे नोंदले गेले, हे सांगणारा तो आकडा होय. ब्रिटनमध्ये हे प्रमाण दर हजारी देण्याची प्रथा आहे. आपल्याकडील राष्ट्रीय अहवालांत ते दर लाखामागे दिले जाते. या आकड्यावरून काय समजते, काय समजत नाही आणि जे समजत नाही ते जाणून घेतल्याने एखाद्या वसाहतीचे प्रत्यक्षात कसे हित होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. अंशाचा प्रश्न

कोणतेही प्रमाण म्हटले की त्यास अंश आणि छेद असावयाचेच. गुन्ह्यांच्या प्रमाणात अंशस्थानी असतात ते घडलेले गुन्हे नव्हेत, तर नोंदलेले गुन्हे. गुन्हा घडणे, तो पीडिताने पोलिसांस कळविणे आणि पोलिसांनी तो दप्तरी दाखल करणे या तीन निरनिराळ्या घटना आहेत, व प्रत्येक टप्प्यावर काही भाग गळून पडतो. ही गळती अजमावण्यासाठी ब्रिटनमध्ये १९८२ साली राष्ट्रीय गुन्हे-सर्वेक्षणास आरंभ झाला. त्यात पोलिसांची दप्तरे न चाळता घरोघरी जाऊन लोकांनाच त्यांचे अनुभव विचारण्यात येतात.

दप्तरांतील गळतीचे स्वरूप किती गंभीर असू शकते, हे २०१४ साली स्पष्ट झाले. त्या वर्षाच्या जानेवारीत पोलिसांनी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने काढून घेतला. पुढे नोव्हेंबरमध्ये पोलिस-निरीक्षणालयाने असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, इंग्लंड व वेल्समध्ये पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के गुन्हे नोंदलेच जात नव्हते. हिंसात्मक गुन्ह्यांत ही उणीव ३३ टक्के होती. यातून एक विपरीत परिणाम संभवतो. ज्या विभागातील पोलिस दप्तर चोख ठेवू लागतात, आणि जेथील लोक विश्वासाने तक्रार घेऊन येतात, तो विभाग कागदावर अधिक गुन्हेगार दिसू लागतो. वाढता आकडा हे नेहमीच वाढत्या गुन्हेगारीचे लक्षण नसते. क्वचित ते वाढत्या विश्वासाचेही लक्षण असते.

२. छेदाचा प्रश्न

छेदाच्या बाबतीत होणारी फसगत याहून सूक्ष्म आहे. लंडनमधील वेस्टमिन्स्टर या विभागाचे उदाहरण घ्यावे. २०२१ च्या जनगणनेनुसार येथील निवासी लोकसंख्या सुमारे २,०४,००० इतकी होती. परंतु ऑक्सफर्ड स्ट्रीटची बाजारपेठ, सोहोतील उपाहारगृहे व रंगमंदिरे, व्हिक्टोरिया आणि पॅडिंग्टन ही मोठी रेल्वे स्थानके याच विभागात येतात. तेथे दिवसभर वावरणाऱ्यांची संख्या निवाशांच्या कित्येक पट असते. खिसा कापला जातो तो या गर्दीतील प्रवाशाचा; भागाकार मात्र रात्री तेथे निजणाऱ्या मंडळींच्या संख्येने केला जातो. सिटी ऑफ लंडन या प्राचीन व्यापारी केंद्रात तर अवघे ८,६०० च्या आसपास लोक राहतात आणि लक्षावधी कामासाठी येतात. अशा ठिकाणी निवाशांमागील प्रमाण हा केवळ अंकगणिताचा खेळ ठरतो.

यास्तव छेद निवडताना धोक्यात कोण किंवा काय होते, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. घरफोडीसाठी छेद घरांचा असावा, वाहनचोरीसाठी वाहनांचा, आणि खिसेकापूपणासाठी रस्त्यावरील वर्दळीचा. सर्व गुन्ह्यांची एकत्र बेरीज करून तिला डोक्यांच्या संख्येने भागल्यास जो आकडा हाती येतो, त्यावरून रहिवाशाला आपल्या घराविषयी फारसे काही कळत नाही.

३. सरासरीच्या आड दडलेले वास्तव

अंश व छेद दोन्ही निर्दोष आहेत असे क्षणभर गृहीत धरले, तरी एक अडचण उरतेच. प्रमाण ही सरासरी असते, आणि सरासरीस वाटणी दिसत नाही. समजा, एका वसाहतीत १,००० घरे आहेत व वर्षात १०० घरफोड्या झाल्या. वाचक म्हणेल, दहांपैकी एका घरास धोका आहे. परंतु त्या १०० घरफोड्या १०० निरनिराळ्या घरांत झाल्या, की ५० घरांत प्रत्येकी दोनदा झाल्या, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. दोन्ही प्रसंगी प्रमाण तेच. पण प्रतिबंधाचा मार्ग अगदी निराळा.

हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे उत्तर इंग्लंडमधील रॉचडेल येथे सिद्ध झाले. सहकारी चळवळीच्या अभ्यासकांना हे गाव अपरिचित नाही. १८४४ साली येथील विणकर व कारागिरांनी उघडलेले भांडार हे आधुनिक सहकाराचे आद्यपीठ मानले जाते. याच गावात कर्कहोल्ट नावाची स्थानिक शासनाने बांधलेल्या भाड्याच्या घरांची वसाहत आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे २,२८० घरे होती आणि घरफोडीच्या बाबतीत वसाहतीचा लौकिक फार वाईट होता. १९८६–८७ या वर्षात तेथे ५२६ घरफोड्या नोंदल्या गेल्या. घरांचा छेद घेतल्यास हे प्रमाण दर हजार घरांमागे सुमारे २३१ भरते.

गृहखात्याच्या साहाय्याने १९८५ साली येथे एक प्रतिबंधक प्रकल्प हाती घेण्यात आला. पोलिस, परिवीक्षा सेवा आणि मँचेस्टर विद्यापीठातील संशोधक यांनी तो मिळून चालविला. डेव्हिड फॉरेस्टर, माइक चॅटर्टन व केन पीझ यांच्या नावे त्याचे पहिले प्रतिवेदन १९८८ साली प्रसिद्ध झाले. संशोधकांनी उपाय योजण्यापूर्वी चौकशी केली. ज्यांची घरे फोडली गेली त्यांना, त्यांच्या शेजाऱ्यांना आणि खुद्द घरफोड्यांनाही प्रश्न विचारण्यात आले. त्यातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या.

पहिली गोष्ट अशी की, चोरीस जाणाऱ्या मालात नाण्यांचा वाटा मोठा होता. गरीब कुटुंबांच्या घरी गॅस व वीज यांसाठी नाणी टाकून चालणारे मीटर बसविलेले असत. प्रत्येक घरात रोकड भरलेली एक पेटीच जणू भिंतीवर टांगलेली होती, आणि ती कोठे असते हे चोरास शोधावे लागत नव्हते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या घरी एकदा घरफोडी झाली, त्या घरी पुन्हा घरफोडी होण्याचा संभव इतर घरांच्या सुमारे चौपट होता. म्हणजे धोका वसाहतभर सारखा पसरलेला नव्हता. तो मोजक्या उंबरठ्यांवर पुन्हा पुन्हा येत होता. या घटितास आपण ‘पुनःपीडन’ म्हणू.

पुनःपीडन का होते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे की, काही घरांतच मुळी चोरास आकर्षून घेणारे काही असते : कमकुवत दार, आडोशाची खिडकी, दिवसभर ओस असणे. पहिली घरफोडी ही त्या उणिवेची केवळ खूण होय. दुसरे असे की, पहिली घरफोडीच दुसरीस कारणीभूत होते. चोरास आतील रचना कळते, काय मागे राहिले ते ठाऊक होते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येतील याचीही त्यास अटकळ असते. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु कारण कोणतेही असो, व्यवहारातील निष्कर्ष एकच निघतो : पुढची घरफोडी कोठे होईल याचे उपलब्ध असलेले सर्वांत चांगले अनुमान म्हणजे मागची घरफोडी.

म्हणून प्रकल्पाने सर्व साधने २,२८० घरांवर पातळ पसरून न टाकता नुकत्याच फोडल्या गेलेल्या घरांवर केंद्रित केली. तेथील नाण्यांचे मीटर काढविण्यात आले. चोर ज्या मार्गाने शिरत असल्याचे चौकशीत आढळले होते, तीच दारे व खिडक्या पक्क्या करण्यात आल्या. आणि त्या घराभोवतालच्या सहा-एक शेजाऱ्यांना त्यावर लक्ष ठेवण्याची विनंती करण्यात आली. कोशात अळी सुरक्षित राहावी तशी ही लहानशी शेजार-राखण असल्याने तिला ‘कोश’ हेच नाव पडले. सबंध वसाहतीच्या पहाऱ्यास सहसा कोणी जबाबदार नसते; समोरच्या एका घरावर नजर ठेवणे मात्र कोणालाही जमते.

परिणाम लक्षणीय झाला. घरफोड्यांची वार्षिक संख्या ५२६ वरून पुढील वर्षी २२३, त्यापुढे १६७ आणि १९८९–९० मध्ये १३२ अशी उतरत गेली. म्हणजे तीन वर्षांत सुमारे ७५ टक्के घट झाली. दुसऱ्या टप्प्यात वसाहतीतील कर्जबाजारीपणाकडेही लक्ष देऊन रहिवाशांची एक पतसंस्था स्थापण्यात आली. सहकाराच्या जन्मग्रामी गुन्हेप्रतिबंधाने सहकाराचाच आश्रय घ्यावा, हा योग बोलका आहे.

तथापि येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कर्कहोल्टचे अनुकरण पुढे अनेक ठिकाणी झाले व त्यांची फळे संमिश्र आली. निक टिली यांनी १९९३ साली या अनुकरणांची छाननी करून दाखविले की, उपायांची यादी उचलून नेणे म्हणजे प्रकल्पाची पुनरावृत्ती नव्हे. जेथे नाण्यांचे मीटरच नाहीत तेथे मीटर काढण्याचा उपाय काय कामाचा? अनुकरण करावयाचे ते उपायांचे नव्हे, तर स्थानिक चौकशीतून उपाय शोधण्याच्या पद्धतीचे.

४. भीती आणि लौकिक

सुरक्षितता ही घडलेल्या गुन्ह्यांपुरती मर्यादित नसते. भीतीही माणसाचे जगणे आखडते. ट्रेव्हर जोन्स, ब्रायन मॅक्लीन व जॉक यंग यांनी लंडनच्या इझलिंग्टन विभागात केलेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात असे आढळले की, अर्ध्याहून अधिक स्त्रिया भीतीपोटी अंधार पडल्यावर बाहेर जाण्याचे वारंवार टाळीत. पुरुषांत हे प्रमाण पुष्कळच कमी होते. जी स्त्री बाहेर पडतच नाही, तिच्यावर रस्त्यात हल्ला होत नाही, आणि विभागाचा आकडा तेवढ्यापुरता कमी दिसतो. कमी प्रमाण हे येथे सुरक्षिततेचे नव्हे, तर गमावलेल्या स्वातंत्र्याचे माप ठरते.

लौकिकाचेही असेच आहे. टेरेन्स मॉरिस यांनी १९५७ साली क्रॉयडनविषयीच्या अभ्यासात दाखविले की, बालगुन्हेगारांची घरे विशिष्ट वसाहतींत एकवटण्यामागे स्थानिक शासनाचे गृहवाटपाचे धोरण होते. अडचणीतील कुटुंबे एकाच ठिकाणी पाठवावयाची आणि मग त्या ठिकाणास बदनाम म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. २०११ पासून इंग्लंड व वेल्समध्ये रस्तावार गुन्ह्यांचे नकाशे सर्वांस खुले झाले आहेत. परंतु पीडिताची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांवरील ठिपके घटनास्थळी नसून जवळच्या ठराविक बिंदूवर दिलेले असतात, हे पाहणारा सहसा ध्यानी घेत नाही. आपल्या दारासमोरचा ठिपका कदाचित पलीकडच्या गल्लीतील असतो.

सारांश, विभागाचे गुन्हेप्रमाण हे उत्तर नसून प्रश्नाचा आरंभ आहे. तो आकडा समोर आला की नोंद कोणी केली, भागाकार कशाने केला, वाटणी कशी झाली आणि भीतीने कोणास घरी बसविले, हे चार प्रश्न अभ्यासकाने विचारावेत. कर्कहोल्टमध्ये सरासरीवर समाधान मानले असते, तर ‘वाईट वसाहत’ हा शेरा कायम राहिला असता आणि त्याच त्या घरांची दारे पुन्हा फुटत राहिली असती. कोणाचे दार दुसऱ्यांदा फुटले, हे कोणीतरी मोजले, म्हणूनच ते तिसऱ्यांदा फुटण्याचे टळले.