सुताला सोडा, रेशमाला रिठा

कापड कोणत्या धाग्याचं आहे हे पाहून ते कशानं धुवायचं ते ठरवावं, हा विचार कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवरच्या खुणांपेक्षा फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचं प्रकरण आहे. लोकर आणि रेशीम खारी माती, पाणी व गोमूत्रानं, तलम अंशुपट्ट बेलफळानं, कुतप नावाची कांबळी रिठ्यानं आणि जवसाच्या धाग्याचं क्षौम वस्त्र पांढऱ्या मोहरीनं शुद्ध करावं, असं तिथं सांगितलं आहे. सगळ्यांना एकच उपाय नाही. धागा बदलला की धुण्याचं द्रव्यही बदलतं.

या यादीतलं सगळंच आजच्या रसायनशास्त्राला पटेल असं नाही. रेशमाला खार सोसत नाही हे आता पक्कं ठाऊक आहे. रिठ्याबद्दल मात्र शंकेला जागा नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे ज्ञान ग्रंथात आलं, पण ज्यांच्या हातांनी ते कमावलं त्या रजकाला, म्हणजे परटाला, त्याच स्मृतिपरंपरेनं अंत्यजांच्या यादीत बसवलं. दुसऱ्याचा मळ काढणाऱ्याला मळका ठरवण्याचा हा अन्याय शतकानुशतकं चालला. झाडू हाती घेऊन गावं स्वच्छ करणारे गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट कुटुंबातच जन्मले. धुण्याचा इतिहास लिहायचा तर तो परटाच्या बाजूनंच लिहायला हवा.

मूळ भेद सोपा आहे. कापूस, ताग, जवस हे वनस्पतीचे धागे म्हणजे सेल्युलोज; रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं. सेल्युलोजला खार सोसतो, आम्ल सोसत नाही. प्रथिनांचं नेमकं उलट. शिवाय सुती धागा ओला झाला की जास्त मजबूत होतो, म्हणून धोतर दगडावर आपटलं तरी टिकतं. रेशीम ओलं झालं की कमकुवत होतं. धोतराच्या सवयीनं साडी आपटली, तर ती काही धुण्यांतच जीर्ण होते.

महाराष्ट्राकडे खाराचा एक मोठा नैसर्गिक साठा होता, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. त्याच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारं सगळं साहित्य मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. या पाण्याचा सामू १०च्या आसपास भरतो. आणि आपण बादलीत जी पावडर कालवतो, तिच्या पाण्याचा सामूही साधारण तेवढाच, किंवा थोडा जास्तच असतो. म्हणजे रेशमी साडी पावडरीत भिजत घालणं आणि ती लोणारच्या पाण्यात बुडवून ठेवणं यांत रेशमाच्या दृष्टीनं फारसा फरक नाही.

एकाच डब्यातल्या पावडरीत घरातलं सगळं धुवायची सवय आपल्याला अलीकडेच लागली. भारतात ‘सर्फ’ आलं १९५९ साली. १९६९ साली करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत ‘निरमा’ सुरू केली आणि पावडर गरिबाच्या मोरीपर्यंत पोचली. बायकांचे कष्ट तिनं खरोखर कमी केले, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण ‘हे कशाचं आहे?’ हा कपडा हातात घेतल्यावर पडणारा पहिला प्रश्न त्या डब्यामुळे मागे पडला.

रिठा नेमकं काय करतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. फळाच्या गरात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांचा एक भाग तेलकट मळाला धरतो, दुसरा पाण्याला. मळ सुटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. साबणही हेच करतो, पण साबणाचं पाणी खारयुक्त, तर रिठ्याचं किंचित आम्ल, आणि तेच रेशमाला मानवतं. जुनी वस्त्रं जपणारे तज्ज्ञही रिठ्याचा वापर करतात. सराफ त्यानंच दागिने उजळतात. आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्यात, साली रात्रभर भिजवाव्यात, सकाळी मंद उकळून कुस्कराव्यात आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पूर्ण गार होऊ द्यावं. मग त्यात साडी बुडवून हलक्या हातानं दाबावी. चोळायची नाही, पिळायची तर मुळीच नाही. पाणी तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्या रेशमाला ते वापरू नये. साडी बुडवण्याआधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का ते पाहावं. रंग उतरला किंवा साडीची जर खरी चांदीची असली, तर घरी पाणी न लावलेलंच बरं.

सोवळ्यासाठी रेशमी कद, मुकटा किंवा लोकरीची धाबळी चालायची. ती रोज धुवावी लागत नसे. सुती वस्त्र मात्र रोज धुवून, कुणाचा स्पर्श न होता वाळलेलं हवं. कारण धार्मिक सांगितलं जाई. मला त्यामागे धाग्याची पारख दिसते: ज्याला रोजचं पाणी सोसत नाही, त्याला रोजच्या धुण्यातून सूट मिळाली.

सुताचं खरं शास्त्र पाहायचं तर मुंबईत महालक्ष्मी स्थानकाजवळच्या पुलावर उभं राहावं. खाली १८९०च्या सुमाराचा धोबीघाट आहे. दगडी हौद, आपटायचे दगड आणि वर दोऱ्यांचं जाळं. कपडे सोड्यात भिजतात, भट्टीत शिजतात, दगडावर येतात, मग खळ आणि नीळ. सुताला हे सगळं झेपतं. दोऱ्यांकडे नीट पाहा. दोन पदर पिळून केलेल्या त्या दोरीच्या पिळात कपड्याचं टोक अडकवतात. चिमट्याची गरजच पडत नाही आणि वाऱ्यानं कपडा सुटत नाही. हजारो कपड्यांतून ज्याचा त्याला परत जावा म्हणून पूर्वी बिब्ब्याच्या रसानं खूण करत आणि चुन्यानं ती पक्की करत. ही खूण कोणत्याच धुण्यात जात नसे. बिब्ब्याचा रस अंगाला बाधतोही. दुसऱ्या महायुद्धात इथं आलेल्या परदेशी सैनिकांना याच खुणांमुळे त्वचेचा दाह झाला आणि डॉक्टरांनी त्याची नोंद केली.

लोकरीचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यांचा दिसतो. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, आणि स्वेटर आटून पोराच्या मापाचा होतो. तो पुन्हा सैल होत नाही. ओली लोकर पाण्यानं जड होते, टांगली तर लोंबते. म्हणून सपाट पसरून वाळवायची. पट्टीवर चौकोनात आडवी रेघ असते, तिचा अर्थ हाच. धनगरी घोंगडी तर धुतातच क्वचित. उन्हात टाकून झटकली की भागतं.

रेयॉनच्या कुर्त्यांची तक्रार घरोघरी ऐकू येते. रेयॉन मुळात सेल्युलोजच, पण कारखान्यात विरघळवून पुन्हा ओढलेलं. ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ अर्ध्यावर येते. दिसतं सुतासारखं, आणि म्हणूनच सुतासारखं पिळलं जाऊन फाटतं. पॉलिएस्टरचा त्रास वेगळा. साध्या हवेत कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, लोकर सुमारे १६ टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ते पाण्याला दूर ठेवतं आणि तेलाला धरून बसतं, म्हणून घामातला तेलकटपणा आणि त्याचा वास त्यात मुरतो. असा कपडा उलटा करून, लगेच आणि मशीन न ठासता धुवावा.

आता वाळवणं. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत कपड्यांना जो कुबट वास येतो, त्याचं कारण २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं: मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. धुऊनही तो कपड्यात तग धरतो आणि कपडा बराच वेळ ओला राहिला की वाढतो. अत्तर किंवा जास्त पावडर हा त्यावरचा उपाय नव्हे. कपडा लवकर वाळवणं हाच आहे. दोन कपड्यांत हातभर अंतर, खाली पंखा, जाड शिवणी बाहेरच्या बाजूला. दमट हवेत उष्णतेइतकंच हवेच्या हलण्याला महत्त्व आहे. उन्हात पांढरं सूत उजळतं, पण तेच ऊन रेशमाला पिवळं आणि ठिसूळ करतं.

दिवाळीत कपाटं उघडली जातील. आजीची पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर आधी ती बाहेर काढा, सावलीत तासभर वारा द्या, घडी मोडून दुसऱ्या जागी घाला आणि धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळून ठेवा. डाग असेल तर पावडरीला हात लावण्याआधी जुन्या, जाणत्या परटाला दाखवा, आणि त्याच्या ज्ञानाचे पैसे घासाघीस न करता द्या.