हेल्मेट शाबूत, डोक्याला मार : असे का होते?

आपल्या जिल्ह्यातील कापडाचे फिरते व्यापारी आठवडी बाजार करतात ते बहुधा मोटारसायकलवर. मागे गाठोडे, पुढे पिशवी, आणि हेल्मेट असलेच तर आरशाला लटकवलेले. माझ्या भाच्याने मात्र ते घातले होते. गेल्या वर्षी नांदुऱ्याचा बाजार करून खामगावकडे येताना तो घसरून पडला. हेल्मेटवर फक्त एक ओरखडा आला. डोक्याला आतून मार बसला व आठ दिवस दवाखान्यात गेले. घरात सारे म्हणत, "हेल्मेट काय मजबूत निघाले!" मी ते उलटे करून पाहिले. आत थर्माकोल नव्हताच. कडक प्लॅस्टिकला स्पंज आणि अस्तर चिकटवलेले. रस्त्याच्या कडेला घेतलेला स्वस्त माल.

व्यापारी बंधूंनो, आपली समजूत चुकते ती येथेच. हेल्मेटने शाबूत राहायचे नसते, स्वतः चेपून डोके वाचवायचे असते. बाहेरचे कवच टोकदार दगड आत येऊ देत नाही आणि मार मोठ्या जागेवर पसरवते. खरे काम आतल्या दाट थर्माकोलचे. त्यातले हवेचे बारीक कप्पे एकामागून एक चिरडतात व डोक्याला थांबायला थोडी जागा मिळते.

हिशेब सोपा आहे. डोके दीड मीटर, म्हणजे 1500 मिलिमीटर उंचीवरून खाली आले, तर जमिनीपाशी वेग ताशी सुमारे 20 किलोमीटर होतो. थर्माकोल 25 मिलिमीटर चेपला तर 1500 भागिले 25. डोक्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे 60 पट जोर येतो. स्पंज मऊ, तो हाताने दाबला तरी बसतो. मार थांबवायला शेवटचे दोन-तीन मिलिमीटरच उरतात. 3 मिलिमीटर धरले तर तोच जोर 500 पट! कवटी थांबते, पण आत मेंदू हेलकावतो. चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून नवे दिसले तरी बाद समजावे.

आता कापडाची गोष्ट, जी आपल्या धंद्याची आहे. पोलिसांच्या बुलेटप्रूफ जाकिटात केव्हलारसारख्या धाग्याचे कापड असते. हा धागा अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंच्या संशोधनातून 1965 साली निघाला. कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवतात. गोळी आदळली की उभे-आडवे धागे ताणले जातात, ताण दूरपर्यंत पसरतो, आणि गोळीचे टोक चपटे होऊन आळंब्यासारखे फुलते. पण गोळी थांबेपर्यंत कापड मागच्या बाजूने छातीत फुगते. म्हणून चाचणीत जाकिटामागे माती ठेवून खड्डा मोजतात. अमेरिकी मानकात तो 44 मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. म्हणजे गोळी आरपार गेली नाही तरी बरगडी मोडू शकते. रायफलच्या गोळीपुढे नुसते कापड टिकत नाही. तेथे चिनी मातीच्या जातीची कडक पाटी लागते, जी स्वतः तडकून गोळीचा चुरा करते. ऊन आणि ओल यांनी हे कापडही उतरते, आपल्या गोदामातल्या मालासारखेच.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात ए.टी.एस. प्रमुख हेमंत करकरे शहीद झाले, तेव्हा त्यांच्या जाकिटाच्या दर्जाबद्दल राज्यभर प्रश्न उठले. 2009 मध्ये ते जाकीटच गहाळ असल्याचे उघड झाले. नमुनाच हरवला तर मालाची तक्रार तपासायची कशावर?

हेल्मेटचे मात्र आपल्या हातात आहे. 1 जून 2021 पासून आय.एस.आय. चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे कायद्याने बंद आहे, तरी रस्त्यावर तसा माल मिळतोच. घेताना चिन्हाजवळ आय.एस. 4151 हा आकडा पाहा. चिन्हही नकली छापतात, म्हणून अस्तर सरकवून बोटाने दाबा. सबंध डोक्याभोवती जाड, घट्ट थर्माकोल लागला पाहिजे. पट्टा हनुवटीखाली आवळून हेल्मेट मागून पुढे ढकला. निघून आले तर ते आपल्या मापाचे नाही.

भाच्याचे ते हेल्मेट मी करवतीने मधोमध कापून गल्ल्याजवळ ठेवले आहे. बाजार करणारे गिऱ्हाईक आले की आधी ते हातात देतो, मग तागे उलगडतो.