पुलाच्या प्रतिसादावरून धावत्या वाहनभाराचे अनुमान

प्रस्तावना

पुलाचा आराखडा करताना अभियंता भार गृहीत धरतो आणि त्यामुळे पुलात निर्माण होणारे प्रतिबल व विकृती काढतो. प्रस्तुत लेखाचा विषय याच्या नेमका उलट आहे. पूल किती वाकला हे मोजता येते. त्यावरून कोणते वजन गेले हे सांगता येईल काय? या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. वजनकाट्यावर वाहन थांबवावे लागते आणि ज्याने मर्यादेपेक्षा अधिक माल भरला आहे, तो काटा टाळून दुसरा रस्ता धरतो. पूल मात्र त्याला टाळता येत नाही.

फ्रेड मोझेस यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत या पद्धतीची मांडणी केली. पुलाच्या गर्डरखाली स्ट्रेन गेज बसवून वाहन जात असताना त्यातील विकृती सतत नोंदवावयाची व तीवरून प्रत्येक आसाचे, म्हणजे एक्सलचे, वजन काढावयाचे, हे तिचे सूत्र होय.

प्रभावरेषा आणि समीकरणे

एकक भार पुलावरून सरकत असता ठरावीक छेदातील नमन परिबल कसे बदलते, हे दर्शविणारी रेषा म्हणजे प्रभावरेषा. दोन टोकांवर साधा टेकलेला २० मीटरचा गर्डर घेऊ. १ टन भार मध्यावर असता मध्यछेदात ५ टन-मीटर परिबल निर्माण होते. भार मध्यापासून ४ मीटर दूर असता ते ३ होते. आता ४ मीटर अंतरावर दोन आस असलेला ट्रक त्यावरून गेला. पुढचा आस मध्यावर असताना मापन ६० आले, मागचा मध्यावर असताना ६८ आले. पुढच्या आसाचे वजन क व मागच्याचे ख मानल्यास ५क + ३ख = ६० आणि ३क + ५ख = ६८. उत्तर ६ टन व १० टन. प्रत्यक्षात दोनच नव्हे तर शेकडो मापने मिळतात आणि लघुतम वर्ग पद्धतीने त्या सर्वांशी अधिकाधिक जुळणारी वजने निवडली जातात.

येथपर्यंत सारे सुरळीत आहे. अडचण जोड-आसांच्या बाबतीत येते. दोन आस १.२ मीटर अंतरावर असतील तर ३ च्या जागी ४.४ हा गुणक येतो. प्रत्येकी ९ टनांचे आस असता दोन्ही मापने ८४.६ यावयास हवीत. समजा, ती ८५.४ व ८३.८ आली, म्हणजे चूक १ टक्क्याहूनही कमी. तरी उत्तर १०.३ व ७.७ टन येते, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांची चूक! बेरीज मात्र १८ टनच राहते. पूल एकूण वजन चांगले ओळखतो, पण त्याची वाटणी सांगताना अडखळतो. मापने वाढविल्याने यादृच्छिक चूक कमी होते. प्रभावरेषाच चुकीची गृहीत धरली असेल तर मात्र मापनांची संख्या उपयोगी पडत नाही. म्हणून ज्ञात वजनाचा ट्रक पुलावरून अनेक वेळा नेऊन प्रभावरेषा प्रत्यक्ष मोजून घेणे, हाच प्रस्तुत लेखकाच्या मते या कामाचा खरा पाया होय. संगणकीय गणित त्यानंतर येते.

धावत्या भाराचे आंदोलन

शिवाय धावता ट्रक स्प्रिंगांवर उसळत असतो. त्यामुळे चाकाखालचा भार स्थिर वजनाच्या वर-खाली होत राहतो आणि पूलही स्वतःच्या वारंवारतेने कंप पावतो. हा क्षणोक्षणी बदलणारा भारच शोधावयाचा झाल्यास अज्ञातांची संख्या फार वाढते व मापनातील किरकोळ खळबळ उत्तरात प्रचंड हेलकावे निर्माण करते. रशियन गणिती तिखोनोव्ह यांच्या नियमितीकरण पद्धतीत मापनांशी तंतोतंत जुळण्याचा आग्रह थोडा सैल करून अतिरेकी उत्तरांना दंड लावला जातो. दंड अल्प असेल तर हेलकावे उरतात, अधिक असेल तर खरी उसळीही पुसली जाते.

भारतात २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन, तर जोड-आसाची १९ वरून २१ टन करण्यात आली. जोड-आसाची मर्यादा बेरजेवर असल्याने ती तपासण्यास ही पद्धत अनुकूल आहे. पुलाच्या पोलादी तक्तपोशीसारख्या लहान भागांची झीज मात्र सुट्या आसावर अवलंबून असते. वेल्डिंगच्या सांध्यात थकव्याची हानी प्रतिबलाच्या पल्ल्याच्या साधारणतः तिसऱ्या घातात वाढते. तेव्हा वजनातील १५ टक्क्यांची चूक हानीच्या अंदाजात दीडपट होऊन उतरते.